हातोरीचे बाबा डंबेल का फेकतात?

(वाचक विचारतात, काकू सांगतात)

मे महिन्यात माझ्या टेबलावर पत्रांचा ढीग वाढतो. मुलं घरात, ऊन बाहेर, आणि माळ्यावरून वडिलांच्या लहानपणचा टीव्ही गेम खाली उतरतो. नव्या वाचकांना सांगायचं तर रामबागेत आमचं कॅसेट लायब्ररीचं दुकान होतं. हे सिनेमाच्या कॅसेटी सांभाळायचे आणि मी गेमच्या. दुकान केव्हाच बंद झालं, पण तेव्हाची पोरं आता स्वतः बाप झाली तरी "काकू, ही लागत नाहीये" करत दारात येतातच. या खेपेस बरीचशी पत्रं एकाच गेमभोवती आहेत, 'निंजा हातोरी'. म्हणून बाकीची पुढच्या अंकाला ठेवली.

काकू, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. टीव्हीवरच्या निंजा हातोरीचं त्याला वेड आहे. यांच्या जुन्या कॅसेटमध्ये हातोरीचा गेम सापडला तेव्हा स्वारी खूश झाली. पण प्रत्येक टप्पा संपला की कमानीवर उभा असलेला एक माणूस वरून काहीबाही फेकतो. काही वस्तूंनी मार्क मिळतात, काहींनी हातोरी गपकन थिजतो. तो माणूस म्हणजे हातोरीचे बाबा, असं मुलाच्या मित्राने सांगितलं. तेव्हापासून मुलगा हिरमुसलाय, "बाबा असं का करतात?" म्हणतो. काय सांगू?
(एक आई, वैशालीनगर, इंदूर)

मित्र बरोबर सांगतोय. ते हातोरीचे बाबाच, जिन्झो. ज्यावर ते उभे आहेत ती कमान म्हणजे तोरी, जपानी देवळापुढचं प्रवेशद्वार. तिथून ते दोन गोष्टी फेकतात. एक चिकुवा आणि दुसरी चक्क व्यायामाचं लोखंडी डंबेल. चिकुवा झेलला की गुण वाढतात, डंबेल लागलं की हातोरी थोडा वेळ जागचा हलत नाही. तेवढ्या वेळात बाबांचं फेकणं काही थांबत नाही, म्हणजे समोर पडणारे चिकुवे नुसते बघत बसायचे. टप्पा जिंकल्याचं बक्षीस असं देणारा दुसरा गेम माझ्या तरी पाहण्यात नाही!

आता हे खूळ आलं कुठून? चिकुवा म्हणजे माशाचा लगदा. मीठ, अंड्याचा पांढरा बलक आणि स्टार्च घालून तो मळतात, बांबूच्या काडीभोवती थापतात आणि भाजतात. मग काडी काढून घेतली की मधून पोकळ नळी उरते. हातोरीचा कुत्रा शिशिमारू या नळ्यांसाठी जीव टाकतो. आपल्याकडे हिंदीत मालिका आली तेव्हा त्याच नळीचा चोकोरोल झाला. त्यामुळे तुमच्या घरी मांसमच्छी चालत नसेल तर मुलाला खुशाल चोकोरोल म्हणून सांगा, त्याच्या दृष्टीने ते खरंच आहे.

डंबेलचं म्हणाल, तर गोष्टीत हातोरी हा इगाचा निंजा. हा भाग आजच्या मिए प्रांतात येतो. तो तोक्योला येतो आणि केनइची नावाच्या अगदी सामान्य, अभ्यासात ढ, खेळात मागे असलेल्या मुलाच्या घरी राहतो. पण त्याचं शिक्षण संपलेलं नाही. जपानी गेमच्या पुऱ्या नावातच ते आहे, 'निंजा वा शुग्यो दे गोझारू', म्हणजे निंजा साधना करतोय. घर सोडून आलेला मुलगा आळशावला तर नाही ना, हे बघायला बाबा हजर होतात. खाऊ देतात आणि त्याच हाताने परीक्षाही घेतात. आपल्याकडे आखाड्यातले वस्ताद पोराला दूध पाजून लगेच मातीत लोळवतात, तसलाच हा प्रकार. मुलाला म्हणावं, बाबा रागावलेले नाहीत, तालीम घेतायत.

झेलायचं तंत्रही सांगून ठेवते, म्हणजे हिरमुसणं लवकर जाईल. पोरं करतात काय, पडणाऱ्या प्रत्येक गोष्टीखाली धावत सुटतात. तसं नाही करायचं. नजर हातोरीवर न ठेवता कमानीवर ठेवायची. वस्तू हातातून सुटली की आधी तिचा आकार ओळखायचा, मग पाय उचलायचा. नळी सरळ असते, डंबेलची दोन्ही टोकं फुगीर. एक चिकुवा सुटला तर सुटू द्यावा, पण डंबेल खाल्लं तर पुढचे दोन-तीन गेले म्हणून समजा. आमच्या दुकानात एक सुताराचा पोरगा होता, तो या कमानीखाली उभा राहिला की बाकीची मुलं आपापले खेळ सोडून त्याच्यामागे गोळा व्हायची. तो कधी धावायचाच नाही. दोन पावलं इकडे, एक तिकडे, झालं.

हा गेम मूळ टीव्ही मालिकेवरून केला का? मग चित्रं इतकी वेगळी का दिसतात? शिवाय हातोरीच्या अंगावर दोन-तीन शत्रू एकाच ओळीत आले की सगळेच लुकलुकायला लागतात. कॅसेट खराब आहे का?
(बँकेतून निवृत्त, लष्कर, ग्वाल्हेर)

कॅसेट ठणठणीत आहे, पैसे वाया घालवू नका.

मूळ आहे मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. ती १९६४ मध्ये सुरू झाली. फुजिको फुजिओ या एकाच नावाखाली दोन मित्र काढायचे, हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको. दोघं लहानपणापासूनचे सोबती, तोयामा प्रांतातले. हातोरी हा आबिकोंचा, डोरेमॉन फुजिमोतोंचा. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी आपापल्या वाटा वेगळ्या केल्या. फुजिमोतो १९९६ मध्ये गेले, आबिको २०२२ मध्ये. आबिकोंचं गाव हिमी, मासेमारीचं बंदर. त्या गावाला जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यांवर हातोरी रंगवलेला आहे. इतका मान आपण आपल्या एखाद्या व्यंगचित्रकाराला कधी दिलाय का, हा माझा जुनाच सल आहे, पण तो इथे नको.

टीव्हीची मालिका १९८१ मध्ये आली आणि १९८७ पर्यंत चालली. गेम आला ५ मार्च १९८६ रोजी, म्हणजे मालिका भरात असताना. काढला हडसन सॉफ्टने. सापोरोची ही कंपनी म्हणजे 'बॉम्बरमॅन' गेमवाले. निंटेंडोच्या फॅमिकॉम या टीव्ही गेमच्या यंत्रासाठी बाहेरून गेम करून देणारी ही अगदी पहिली कंपनी.

आता लुकलुक. फॅमिकॉमचा पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा. त्यावर हलणारी चित्रं छोट्या छोट्या तुकड्यांनी जोडतात आणि एका आडव्या ओळीत असे आठच तुकडे दाखवायची यंत्राची ताकद आहे. एका तुकड्याला रंग तीन. हातोरी एकटा असला तरी त्याला दोन तुकडे आडवे लागतात. मग समोरून केमुमाकी, त्याचा बोका आणि वर फेकलेल्या चांदण्या (निंजाची टोकदार पाती) एकाच उंचीवर आल्या की नववा तुकडा गायब! तो कायमचा गायब राहिला तर खेळणारा अदृश्य शत्रूवर आपटेल. म्हणून करणाऱ्यांनी युक्ती केली, दर खेपेला वेगळा तुकडा गाळायचा. डोळ्याला ते लुकलुकणं वाटतं, पण सगळे दिसत राहतात. (केमुमाकी म्हणजे आपल्या हिंदी मालिकेतला अमारा. इगाच्या विरोधातल्या कोगाचा निंजा, हातोरीचा हाडवैरी.)

तीन रंगांत आणि इतक्या कमी ठिपक्यांत मांगातला माणूस बसवायचा तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं? डोकं ठेवलं, धड आखडलं. तुम्हाला 'वेगळी' दिसतात ती चित्रं त्यामुळे. मला विचाराल तर हातोरी यात सुदैवी ठरला. त्याचं तोंड मुळातच दोन गालांचे गोळे आणि टोपडं एवढंच आहे, लांबून बघूनही ओळखू येतो.

माझा भाऊ न्यू जर्सीहून जुना निंटेंडो आणि काही कॅसेटी घेऊन आला. त्यात एक 'चबी चेरब' आहे. एक गुबगुबीत देवदूत उडत उडत खात सुटतो आणि गल्लीतली कुत्री त्याच्यावर भुंकतात. ना शेंडा ना बुडखा. देवदूताला कुत्र्यांचं काय भय? आणि ही कॅसेट आमच्या इथल्या टीव्ही गेममध्ये बसत का नाही?
(एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा)

तुमचा प्रश्न वाचून मी मोठ्याने हसले, कारण देवदूत हा देवदूत नाहीच. ते भूत आहे.

हीसुद्धा फुजिको फुजिओंचीच मंडळी. त्याचं नाव क्यू-तारो, 'ओबाके नो क्यू-तारो' या मांगातला. तीही १९६४ चीच. अंड्यातून निघालेलं भूत, डोक्यावर मोजून तीन केस. रूप बदलायची विद्या म्हणावी तर फक्त बुटाचं रूप घेता येतं. खादाड इतका की यजमानाच्या घरचं भात-आमटीचं पातेलं बघत बघत रिकामं करेल. आणि साऱ्या जगात घाबरतो फक्त कुत्र्याला. जपानमध्ये हा गेम बान्दाईने डिसेंबर १९८५ मध्ये आणला, त्याच्या नावातच 'वानवान पॅनिक' आहे, म्हणजे भुभू आणि घबराट. आता परत खेळून बघा. उडताना ताकद उतरत जाते, खाल्लं की भरते, कुत्रं दिसलं की पळता भुई थोडी. एकही नियम उपरा नाही, सगळा क्यू-तारोचा स्वभाव आहे. गोष्ट माहीत असलेल्या जपानी पोराला यात काही विचित्र वाटलंच नसेल.

अमेरिकेत १९८६ मध्ये पाठवताना काय केलं, तर क्यू-तारोला तिथे कोण ओळखतो म्हणून त्याला पंख लावून देवदूत केलं. पण कुत्री तशीच ठेवली आणि खादाडपणाही. माणूस बदलला, त्याच्या सवयी मात्र मागेच राहिल्या. म्हणून तुम्हाला शेंडा-बुडखा दिसत नाही. माझ्या मते हातोरीचा गेम या भानगडीतून वाचला, कारण तो तेव्हा अमेरिकेला गेलाच नाही. आपल्याकडच्या चिनी कॅसेटींतून आला तो थेट जपानी, अक्षरांसकट. त्यामुळे वाचता एक अक्षर आलं नाही तरी बाबा, कुत्रा, चिकुवा सगळे जागच्या जागी राहिले.

कॅसेटचं सोपं आहे. जपानी फॅमिकॉमच्या कॅसेटला खाली ६० पट्ट्या असतात, अमेरिकन निंटेंडोच्या कॅसेटला ७२. आपल्याकडे मिळायचे ते टीव्ही गेम जपानी बनावटीची नक्कल, म्हणून ६० वाले. तुमची कॅसेट रुंदीलाच मोठी आहे. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, खाचेतल्या पत्र्या वाकतील. ७२ ची ६० करणारी जोडपट्टी मिळते, ती घ्या.

पुतण्या जपानहून लाल-पांढरा जुना फॅमिकॉम आणतोय, सोबत हातोरीची अस्सल कॅसेट. इथे लावताना काय काळजी घ्यायची? आमचा टीव्ही नवा, भिंतीवरचा आहे.
(एक काका, राजेंद्रनगर, इंदूर)

पहिली गोष्ट, त्याच्यासोबत येणारा जपानी अडॅप्टर आपल्या भिंतीत लावायचा नाही. नाही म्हणजे नाही. तिकडची वीज १०० व्होल्ट, आपली २३०. बटण दाबायचा अवकाश, धूर निघेल. मूळ अडॅप्टर १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअरचा आहे, आणि खरी गंमत पुढे. त्याच्या पिनेत आतली बाजू ऋण असते, बाहेरची धन. आपल्याकडचे बहुतेक अडॅप्टर याच्या उलटे. जेल रोडला जाऊन नुसतं "भिया, नौ वोल्ट का दे दो" म्हणालात तर तो चांगल्या मनाने उलटा हातात ठेवेल. ९ किंवा १० व्होल्ट, निदान ८५० मिलिअँपिअर आणि मध्ये ऋण, हे चिठ्ठीवर लिहून न्या आणि दुकानातच मीटर लावून बघा.

दुसरी, चित्र. १९८३ चा हा मूळ फॅमिकॉम फक्त अँटेनाच्या वायरीने चित्र देतो, तेही जपानच्या पहिल्या-दुसऱ्या चॅनलवर. तिकडचे हे चॅनल जिथे येतात तिथे आपल्याकडे एफएम रेडिओ वाजतो, त्यामुळे आपल्या टीव्हीला ते सापडायचे नाहीत. आतून पिवळी-पांढरी वायर काढून घ्यावी लागेल. चांगला कारागीर ते करून देतो. पुतण्याने अजून घेतला नसेल तर त्याला सांगा, १९९३ च्या डिसेंबरात निघालेला सुधारित फॅमिकॉम बघ. त्यात ती सोय मुळातच आहे.

तिसरी, तुमचा भिंतीवरचा टीव्ही. हे जुने गेम देतात ते चित्र नवे टीव्ही नीट ओळखत नाहीत. त्याला काहीतरी वेगळंच समजून साफसूफ करत बसतात. त्यात क्षणाचा काही भाग जातो. बटण आता दाबलं, उडी जराशाने. सिनेमा बघताना काही बिघडत नाही, पण चिकुवा झेलताना डंबेल डोक्यात! टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो चालू करा, बराच फरक पडतो. कुणा नातलगाकडे जुना डबा टीव्ही धूळ खात पडला असेल तर त्याहून उत्तम काही नाही. फक्त तो उघडायच्या फंदात पडू नका. वायर काढून ठेवली तरी आतल्या नळीत जीवघेणा दाब राहतो.

आणि हो, त्याचे दोन्ही रिमोट यंत्राला कायमचे जोडलेले असतात. दुसऱ्या रिमोटवर स्टार्टचं बटण नाही, त्याऐवजी बारीकसा माइक आहे. तुटलंय म्हणून बदलायला नेऊ नका.

आमच्या कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलंय. हातोरी त्यात एकदाच दिसतो, बाकी तेच तेच गेम वेगळ्या नावाने येतात. फसवणूक की काय?
(इयत्ता सातवी, ग्वाल्हेर)

फसवणूकच रे बाळा, पण सगळ्या हिंदुस्थानाने हसत हसत सोसलेली. आत बहुधा मूठभर गेम असतात. यादी लांबवायला तोच गेम कधी दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होतो, कधी जीव जास्त देतात, कधी नुसतंच नाव बदलतात. अशा कॅसेटींत १९८४ ते ८६ चे गेम फार सापडतात, कारण ते आकाराने लहान, थोड्या चिपेत पुष्कळ मावतात. हातोरी एकदा तरी आहे ना? मग तू नशीबवान.

लागत नसेल तर फुंकर मारू नकोस, थुंकीच्या दमटपणाने खालच्या पट्ट्यांवर डाग पडतात. कान कोरायच्या कापसाच्या काडीला औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल लाव, पट्ट्यांवरून एकाच दिशेने फिरव, वाळू दे, मग घाल. मोठ्या माणसासमोर कर.

काकू, हातोरीत मध्येच सोडून दुसऱ्या दिवशी तिथूनच खेळता येतं का? आणि उडता कसं येतं? माझ्या दादाचा हातोरी उडतो, तो सांगत नाही.
(नाव लिहू नका, नाहीतर दादा ओरडेल. इंदूर)

नाव गाळलंय. जपून ठेवायची सोय या गेममध्ये नाही. लाइट गेली की पहिल्यापासून, त्यामुळे दादा फार पुढे गेला असताना तू पंख्याच्या बटणापाशी घोटाळू नकोस, संशय तुझ्यावरच येईल.

उडण्याचं असं आहे. हातोरीला खेळता खेळता एकेक निन्पो, म्हणजे निंजाची विद्या, मिळत जाते. पहिल्यापहिल्याने त्याला जोरात पळता येतं तेवढंच. शत्रू मारून जे गोळे मिळतात ते गोळा करत राहिलं की यादी वाढते आणि कुठली विद्या कधी वापरायची ते आपण ठरवायचं. दादा वापरतो ती मुसासाबीची विद्या. मुसासाबी म्हणजे जपानातली उडणारी खार, हातापायांमधली कातडी ताणून झाडावरून झाडावर तरंगत जाते. हातोरी तसाच कापड धरून तरंगतो. तुला ती मिळत नाही, कारण तू नुसता उजवीकडे पळत असणार. थांब, शत्रू येऊ दे, चांदणी मार, गोळा उचल, मग पुढे सरक. आणि मिळाली की दादाच्या देखत उड, सांगू मात्र नकोस.